जायरो गाडी सावरतो, चालवत नाही

गुळगुळीत फरशीवर हातभर लांबीची एक गाडी वळणात शिरते. तिचे नाक वळणाच्या आतल्या बाजूला रोखलेले असते, मागची चाके बाहेर घसरत असतात आणि पुढची चाके मात्र वळणाच्या नेमक्या उलट दिशेला फिरलेली असतात. गाडी आडवी होऊनही पुढेच सरकत राहते. रिमोटवर चालणाऱ्या ड्रिफ्ट कारचा हा खेळ पाहताना फार सोपा वाटतो. तो पाहून कोणी तशीच गाडी विकत आणतो, घरातल्या टाइल्सवर सोडतो, आणि पहिल्याच वळणावर ती भोवऱ्यासारखी गरगर फिरून उलट्या तोंडाने उभी राहते.

मग कोणीतरी सांगते, ‘जायरो बसव.’ जायरो बसतो. पण गाडी सुधारण्याऐवजी कधी पुढची चाके ताप भरल्यासारखी थरथरू लागतात, कधी गाडी पूर्वीपेक्षा जोराने गिरकी घेते, तर कधी काही हजार रुपयांचा सर्व्हो पहिल्याच दिवशी जळून जातो. हौसेने घेतलेली गाडी माळ्यावर जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे. दोष बहुधा जायरोचा नसतो. तो काय करतो आणि काय करू शकत नाही, हे समजून न घेता तो बसवलेला असतो.

ड्रिफ्टिंगचे माहेर जपान. डोंगरातल्या नागमोडी घाटरस्त्यांवर गाडी मुद्दाम घसरवत वळणे घेण्याची ही शैली केइइची त्सुचिया या चालकाने नावारूपाला आणली, आणि १९९५ साली सुरू झालेल्या ‘इनिशियल डी’ या जपानी चित्रकथेने ती घराघरांत पोहोचवली. खऱ्या गाड्यांमागोमाग एक-दशांश आकाराच्या मॉडेल गाड्याही घसरू लागल्या. आरंभी या गाड्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या होत्या. त्यांच्या रबरी टायरांऐवजी कडक प्लास्टिकची कडी घातली, की त्या सहज घसरत. पुढे मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा जास्त वेग देण्याची युक्ती निघाली. त्यामुळे गाडीची शेपूट अधिक सुटे आणि उलट स्टिअरिंग दिसू लागे. पण पुढची चाके गाडीला ओढतच असल्याने ती स्वतःच सावरली जाई. खऱ्या ड्रिफ्ट कारमध्ये मात्र ताकद फक्त मागच्या चाकांना असते. मॉडेलमध्येही तसेच हवे, हा आग्रह वाढला आणि गेल्या दशकात मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचीच चलती झाली. योकोमो, एमएसटी या कंपन्यांच्या चासी आज याच प्रकारच्या आहेत. त्यांना ओढून सरळ करणारे पुढे काहीच नसते, आणि जायरोची गरज येथूनच सुरू होते.

जायरो म्हणजे लबाडी, यंत्राने केलेली सारवासारव, असा आक्षेप जुने खेळाडू अधूनमधून घेतात. तो तपासून पाहण्याजोगा आहे. खऱ्या ड्रिफ्ट कारची शेपूट सुटते तेव्हा कसलेला चालक स्टिअरिंग घट्ट धरून उलटे फिरवत बसत नाही. तो हात सैल करतो आणि स्टिअरिंग आपोआप उलट्या दिशेला गरगर फिरते. विमानतळावरील सामानाच्या ट्रॉलीची पुढची सुटी चाके आठवावीत. ट्रॉली जिकडे ढकलली जाते तिकडे ती चाके स्वतःच वळतात, कारण त्यांचा आस टेकण्याच्या बिंदूपासून सरकवलेला असतो. मोटारीच्या पुढच्या चाकांचा आसही असाच कललेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. गाडीचे नाक कुठेही असले तरी पुढची चाके गाडी ज्या दिशेने प्रत्यक्ष सरकत आहे त्या दिशेकडे वळू पाहतात. चालक त्यांना फक्त मोकळीक देतो आणि योग्य क्षणी थांबवतो.

मॉडेल गाडीत ही मोकळीक उरत नाही. तिथे पुढची चाके सर्व्होच्या ताब्यात असतात. सर्व्हो म्हणजे दाते असलेल्या चाकांची छोटी मोटार. तिला सांगितलेल्या कोनावर ती चाके घट्ट धरून ठेवते. कॅस्टर कितीही दिला तरी सर्व्हो चाके सोडत नाही. म्हणजे खऱ्या गाडीत निसर्गतः होणारी गोष्ट मॉडेलमध्ये यंत्राने रोखलेली असते. जायरो ती परत मिळवून देतो. त्याला लबाडी म्हणण्यापेक्षा भरपाई म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

दुसरे कारण वेळेचे. गाडी दहापट लहान केली तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने दहापट लहान वस्तूच्या हालचाली दहाच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे सुमारे ३.२ पट, लवकर घडतात. खऱ्या गाडीला गिरकी घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर मॉडेलला त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश वेळ पुरतो. माणसाच्या डोळ्याने पाहून हाताने कृती करायला मात्र तेच साधारण ०.२ सेकंद लागतात. शिवाय चालक गाडीत बसलेला नसतो. शेपूट सुटल्याची पहिली खबर खऱ्या चालकाला बैठकीतून, पाठीतून मिळते. मॉडेलच्या चालकाला ती डोळ्यांनी दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

जायरोस्कोप हा शब्द फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑन फुको याने १८५२ मध्ये रूढ केला. पृथ्वीचे फिरणे दाखवण्यासाठी त्याने वेगाने फिरणारी जड चकती वापरली होती. मॉडेलच्या दुनियेत जायरो आला तो रिमोटच्या हेलिकॉप्टरमधून. मुख्य पंख्याच्या उलट झटक्याने हेलिकॉप्टरचे धड फिरू लागते. ते रोखण्याचे काम शेपटीच्या पंख्याला जायरो सांगत असे. त्या जुन्या जायरोत खरोखरच फिरती चकती असे. आजच्या काडेपेटीहूनही लहान डबीत फिरणारे काहीच नसते. आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा सतत कंप पावत असतो. डबी फिरली, की त्या कंपाची दिशा किंचित ढळते. हा परिणाम कोरिओलिसने १८३५ मध्ये गणिताने मांडलेला. त्या ढळण्यावरून डबी सेकंदाला किती अंशाने फिरत आहे हे कळते.

जायरोला कळते ते एवढेच. वळण कुठे आहे, भिंत किती दूर आहे, पुढे दुसरी गाडी आहे का, गाडी प्रत्यक्ष कोणत्या दिशेने सरकत आहे, यातले काहीही त्याला ठाऊक नसते. गाडीचे नाक डावीकडे फिरू लागले, की तो पुढची चाके उजवीकडे फिरवतो. जितक्या वेगाने फिरेल तितकी जास्त. पुढच्या सगळ्या जोडणीत ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर निम्म्या चुका टळतात.

आधी पाने, मग जायरो

जोडणी सुरू करताना सर्वात मोठी घाई होते ती येथे. नवा जायरो हातात आला, की तो चिकटवून गेनचे बटण फिरवण्याचा मोह आवरत नाही. खरे तर पहिला तास जायरो बाजूला ठेवूनच घालवावा. गाडी ठोकळ्यावर ठेवून चाके अधांतरी करावीत, मोटारीची वायर काढून ठेवावी आणि पुढची चाके हाताने हलवून पाहावीत. चाक हलते पण सर्व्होचा दांडा हलत नाही, अशी ढिलाई बॉल जॉइंटमध्ये किंवा स्टिअरिंगच्या पट्टीत असेल, तर ती आधी काढावी. उलट, कुठे काही अडकत असेल तर तेही मोकळे करावे. जायरो सेकंदाला कित्येकदा बारीक बारीक दुरुस्त्या करतो. त्यातल्या निम्म्या जर ढिल्या सांध्यातच विरून जात असतील, तर महागातला जायरोही व्यर्थ आहे.

सर्व्होचा दांडा मधल्या स्थितीत काटकोनात बसला आहे ना, हे पाहावे. तो एक दाता इकडेतिकडे बसला असेल तर रिमोटच्या ट्रिमने चाके सरळ करता येतात. पण मग डावीकडे आणि उजवीकडे चाके सारखी वळत नाहीत, आणि एका बाजूचा ड्रिफ्ट जमतो तर दुसऱ्या बाजूला गाडी गिरकी घेते. नवशिका हा दोष वर्षभर आपल्या डाव्या हाताला देत राहतो. चाके दोन्ही बाजूंना किती वळतात हेही मोजावे. साध्या गाडीला ३५-४० अंश पुरतात. ड्रिफ्टच्या चासीत ६० अंश आणि त्याहून अधिक वळण मिळते. चाकच पुरेसे वळत नसेल, तर जायरोने कितीही हाक दिली तरी ते वळणार कुठून?

सर्व्होचा वेगही येथेच ठरतो. ६० अंश फिरायला ०.०८ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेणारा डिजिटल सर्व्हो ड्रिफ्टसाठी चांगला मानला जातो. हळू सर्व्होची गोष्ट गीझरच्या नळासारखी आहे. पाणी थंड लागते म्हणून नळ फिरवावा, परिणाम उशिरा व्हावा, तोवर आणखी फिरवावा, आणि मग एकदम चटका बसावा. जायरोचा हुकूम चाकांपर्यंत उशिरा पोहोचला, की तो असाच अतिरेक करतो आणि चाके डावी-उजवी लवलवू लागतात. जायरोत ॲनालॉग आणि डिजिटल सर्व्होची वेगळी निवड असते. ॲनालॉग सर्व्होला सेकंदाला साधारण ५० संदेश सोसतात. त्याच्यावर डिजिटलचा भरधाव प्रवाह सोडला, तर तो तापून जळतो. पहिल्याच दिवशी जळणाऱ्या सर्व्होंपैकी बरेच या एका चुकीचे बळी असतात.

डबी कुठे, बाण कुठे

आता जायरो. तो गाडीच्या बरोबर मध्यावरच हवा, असे ठासून सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. सबंध गाडी जितक्या अंशाने फिरते तितक्याच अंशाने तिचा प्रत्येक भाग फिरतो, त्यामुळे डबी पुढे असो वा मागे, तिला मिळणारा आकडा तोच असतो. महत्त्वाच्या गोष्टी दोन. डबी जमिनीला समांतर असावी. ती उभी किंवा आडवी चिकटवली, तर गाडी वळण्याऐवजी गाडी डोलणे मोजले जाईल. आणि ती मोटारीपासून, स्पीड कंट्रोलरपासून, त्यांच्या उष्णतेपासून व कंपनांपासून दूर असावी. जायरोसोबत मिळणाऱ्या फोमच्या डबल साइड टेपने ती चिकटवावी, आणि तिच्या वायरी ताणलेल्या ठेवू नयेत. ताठ वायरीतून मोटारीची थरथर थेट डबीत उतरते.

वायरींचा क्रम असा, की रिसीव्हरचे स्टिअरिंगचे चॅनल जायरोत जाते आणि जायरोतून सर्व्होत. दुसरी एकेरी वायर रिसीव्हरच्या तिसऱ्या चॅनलला लावली, तर गेन रिमोटवरूनच बदलता येतो. गाडी उचलून, बॉडी काढून, छोट्या स्क्रू ड्रायव्हरने जायरोवरचा खटका फिरवत बसावे लागत नाही. तिसरे चॅनल असलेला रिमोट घ्यावा तो याचसाठी.

बॅटरी जोडल्यावर गाडीला काही सेकंद हात लावू नये. त्या वेळात जायरो ‘स्थिर म्हणजे काय’ हे शिकत असतो. गाडी हातात धरून चालू केली, तर हाताची हालचालच त्याला स्थिरता वाटते आणि मग गाडी सतत एका बाजूला ओढते. खेळता खेळता डबी तापली, की हा शून्यबिंदू थोडा सरकू शकतो. अशा वेळी गाडी जमिनीवर ठेवून बंद-चालू करणे हाच उपाय.

त्यानंतरची कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच वगळली जाते. आधी रिमोटचे स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर चाके डावीकडेच वळतात ना, हे पाहावे. वळत नसतील तर रिमोटमधील रिव्हर्स बदलावा. मग गेन थोडा वाढवून, गाडी हातात घेऊन तिचे नाक झटकन डावीकडे फिरवावे. पुढची चाके उजवीकडे वळली पाहिजेत, जणू त्यांना जुन्याच दिशेला पाहत राहायचे आहे. ती डावीकडे वळली तर जायरो उलटा चालला आहे. ही दुरुस्ती रिमोटच्या रिव्हर्सने होत नाही. जायरोवर तिचा वेगळा खटका असतो. डबी उलटी, म्हणजे पालथी चिकटवली, तरी दिशा उलटते. उलटा जायरो घसरणारी गाडी सावरत नाही, तिला ढकलतो. ‘जायरो लावल्यावर गाडी अधिकच फिरते’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे सापडते.

याच कसोटीत आणखी एक गोष्ट कळते. नाक फिरवून हात थांबवला, की चाके परत सरळ झाली पाहिजेत. ती वळलेलीच राहिली, तर जायरो दिशा धरून ठेवण्याच्या प्रकारात आहे. हा प्रकारही हेलिकॉप्टरांकडून आलेला. त्यात जायरो गाडीचे मूळ तोंड लक्षात ठेवतो आणि तिथेच परत आणू पाहतो. काही कसलेले खेळाडू तोही वापरतात, पण शिकणाऱ्याने साध्या प्रकारातच राहावे. काही जायरोंमध्ये गेनचा आकडा शून्याच्या एका बाजूला साधा प्रकार आणि दुसऱ्या बाजूला दिशा धरणारा प्रकार अशी विभागणी असते. रिमोटवर बोट सरकून आकडा शून्य ओलांडतो, आणि गाडीचा स्वभाव का पालटला हे कळेनासे होते.

राहिली मर्यादा. चाके पूर्ण वळल्यावर चासीला टेकू नयेत म्हणून रिमोटमध्ये एंडपॉइंट लावला, एवढ्याने काम झाले असे वाटते. पण जायरो रिमोटच्या नंतर येतो. त्याची स्वतःची दुरुस्ती रिमोटच्या आकड्यात मिसळून सर्व्होकडे जाते, आणि ती रिमोटने घातलेली कुंपणे ओलांडू शकते. त्यामुळे डावी-उजवीची मर्यादा जायरोतही लावावी लागते. चाक टेकलेले असताना सर्व्हो ढकलत राहिला, की तो भरपूर वीज खातो, तापतो, आणि कधी कधी रिसीव्हरची वीजच तोडतो. गाडी मध्येच काही क्षण कोणाचेच ऐकत नाही ती त्यामुळे.

गेन शेवटी

आणि मग ज्यासाठी सगळे उतावीळ असतात तो गेन. एका कंपनीच्या जायरोचा ६० हा आकडा दुसऱ्या कंपनीच्या ६० शी जुळेलच असे नाही. सर्व्हो, चासी आणि फरशी बदलली तरी त्याचा अर्थ बदलतो. म्हणून मित्राचा आकडा उचलून आणण्यापेक्षा आपल्या गाडीचा शोधावा. कमी गेनवर सुरुवात करून गाडी सरळ पळवावी. थोडे थोडे वाढवत गेल्यावर एका टप्प्यावर, विशेषतः वेगात, पुढची चाके बारीक थरथरू लागतात. वेगाबरोबर चाकांची पकड गाडीला अधिक जोराने फिरवते, म्हणून ही थरथर हळू चालताना दिसत नाही, भरधाव असताना दिसते. थरथर सुरू झाली, की तिथून थोडे मागे यावे. ही झाली वरची हद्द. योग्य आकडा तिच्या खाली कुठेतरी असतो.

किती खाली, हे मात्र चालकावर आहे. जायरो शेपटीच्या घसरण्याला विरोध करतो तसाच तो चालकाने मुद्दाम दिलेल्या वळणालाही करतो. त्याच्या लेखी दोन्ही फिरणेच. गेन जास्त असेल तर गाडी गिरकी घेत नाही, पण तिला ड्रिफ्टमध्ये ढकलणेही जड जाते. ती वळणाच्या रुंद बाहेरून जाते, कोन उथळ राहतो. काही जायरो रिमोटचे स्टिअरिंग जितके जास्त वळेल तितका आपला हट्ट कमी करतात, आणि ही सोय उपयोगी आहे. पण मूळ स्वभाव बदलत नाही. जास्त गेनवर शिकलेल्या चालकाला एक सवय लागते, ती म्हणजे ॲक्सिलरेटर बेपर्वाईने दाबण्याची, कारण चूक झाली तरी जायरो झाकतो. मागच्या चाकांचा घसरा ॲक्सिलरेटरनेच कमी-जास्त करायचा असतो, आणि ड्रिफ्टिंगची अर्धी विद्या त्या बोटात आहे. ती शिकायची असेल तर गेन हळूहळू उतरवत जाणे हाच सराव आहे.

जपानी स्पर्धांमध्ये एकट्याच्या फेरीला तान्सो आणि दोन गाड्यांच्या पाठलागाला त्सुइसो म्हणतात. पाठलागात हा फरक उघडा पडतो. पुढची गाडी कोन बदलते, क्षणभर मंदावते, आणि मागच्या गाडीने तिच्या दारापाशी चिकटून तेच करायचे असते. जास्त गेनची गाडी आपल्या कोनावर अडून बसते. तिला मनासारखे वाकवता येत नाही. एकट्या फेरीत देखणी दिसणारी गाडी पाठलागात पुढच्या गाडीला धडकते, ती बऱ्याचदा यामुळे.

आकडा सापडला तरी तो कायमचा नसतो. पॉलिश केलेले काँक्रीट, गालिचा, घरातली चकचकीत टाइल, प्रत्येकाची पकड वेगळी. कॅरमच्या पाटावर पावडर कमी झाली, की सोंगटीचा स्वभाव बदलतो तसेच. पावसाळ्यात दमट झालेल्या फरशीवर आणि धुळीने माखलेल्या टायरांवर तीच गाडी परकी वाटते. म्हणून आधी टायर फडक्याने पुसावेत, मग रिमोटकडे वळावे. अनुभवी खेळाडू एका लहान वहीत फरशी, टायर आणि गेन यांची नोंद ठेवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी जुना आकडा लिहून ठेवायचा, एवढा नियम पाळला, की तीच फरशी पुढच्या रविवारी पुन्हा भेटल्यावर शोध पहिल्यापासून करावा लागत नाही.